काकाच्या कॅसेटवरचं तिसरं गाणं, आणि आपल्या कानांवरून निसटलेली रॉक गाणी

पेठेतली_मुक्ता

नमस्कार मंडळी. धागा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. माळा रिकामा करताना काकाची पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुने दिवाळी अंक, त्याखाली सत्तावीस कॅसेटी. काका पिंपरीला एका कारखान्यात टर्नर होता. दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला यायचा, जेवायचा आणि हेडफोन लावून जिन्याच्या पायरीवर बसायचा. आम्हाला वाटायचं, नाट्यगीतं ऐकतोय. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

कॅसेटींवर सगळं मराठीत, निळ्या शाईने, आद्याक्षरांत लिहिलंय. 'रॉक ३' नावाच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटची अ बाजू अशी आहे:

१. हॉ. कॅ.
२. चा. इ. टा.
३. बॉ. (पुढे चहाचा डाग, काही वाचता येत नाही)
४. जु. मॉ.
५. मॅ. ऑ. द व.
६. अ मि. मा. अ.

पहिली दोन कळली: हॉटेल कॅलिफोर्निया आणि चाइल्ड इन टाइम. बाकीची मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली आणि गेले चार दिवस दुसरं काही लावलेलं नाही. तिसऱ्या गाण्याने तर पार वेड लावलंय. त्यात गाणारा कुणी नाही. व्हायोलिन आहे, आणि ते चाइल्ड इन टाइमची सुरुवातीची ऑर्गनची सुरावट वाजवतंय! कुणीतरी डीप पर्पलची चाल उचलली असणार असं आधी वाटलं. पण उचललेल्या चालीत इतका जीव असतो? काकू म्हणते, "हेच ते. जोगांच्या व्हायोलिनसारखं गातं म्हणायचा." मोबाइलवरच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपला सात वेळा ऐकवलं, सातही वेळा त्याने हात टेकले.

तर दोन मागण्या. एक, हे तिसरं गाणं कोणतं ते सांगा. दुसरी मोठी आहे. आपण पुण्यात वर्षानुवर्षं तीच दहा गाणी वाजवली. कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर कोरेगाव पार्कातला पब: हॉटेल कॅलिफोर्निया, स्मोक ऑन द वॉटर, समर ऑफ सिक्स्टीनाइन, विंड ऑफ चेंज. गाणी चांगलीच आहेत. पण त्यांच्या शेजारच्याच वर्षांत, कधी त्याच अल्बमांत, इतकं काही पडलं होतं. ते पिंपरीच्या एका टर्नरला सापडलं, मग आपल्याला का नाही? तुमच्याकडे असलेलं एकेक गाणं सांगा. नुसतं नाव टाकून पळू नका. कुठे ऐकलंत, कुणी ऐकवलं, ते लिहा.

शेंगदाणा

बॉ. म्हणजे बॉर्नव्हिटा. शेजारी चहाचा डाग आहे म्हणजे काकांचं दोन पेयांमध्ये ठरत नव्हतं.

बेसुमार

मुक्ता, धागा फार आवडला. बॉ.वरून मला 'बॉर्न टु बी वाइल्ड', 'बॉर्न टु रन' आणि 'बॉक्सर' सुचली. तिन्हींत गायक आहे, तेव्हा बाद. व्हायोलिन म्हटलं की कॅन्सस आठवतो, इंग्लंडचा कर्व्ह्ड एअरही. पण त्यांचं बॉ.ने सुरू होणारं काही डोक्यात येत नाही.

पाचवं मात्र सांगतो: 'मॅन ऑफ द वर्ल्ड', फ्लीटवूड मॅक, १९६९. हा आपल्याला 'रूमर्स' अल्बममुळे माहीत असलेला फ्लीटवूड मॅक नव्हे. तेव्हा तो लंडनचा ब्लूज बँड होता आणि पीटर ग्रीन त्याचा म्होरक्या. तीन मिनिटांच्या आतलं गाणं. माझ्याकडे सगळं आहे आणि तरी मी सुखी नाही, असं एक तरुण माणूस आवाज न चढवता सांगतो. पुढच्याच वर्षी ग्रीनने बँड सोडला. सांतानाचं म्हणून आपण जे 'ब्लॅक मॅजिक वुमन' वाजवतो तेही मूळ त्याचंच, १९६८ चं. दोन्ही लागोपाठ ऐका. सांताना नाचायला लावतो, ग्रीनचं ऐकताना माणूस खाली बसतो.

आता माझं गाणं. विशबोन ॲशचं 'थ्रो डाऊन द सोर्ड', १९७२ च्या 'आर्गस' अल्बममधलं शेवटचं. १९९८ मध्ये हॉस्टेलवर वरच्या मजल्यावरच्या सीनियरने एका पावसाळ्या रात्री ऐकवलं. लाइट गेलेले, टेपरेकॉर्डर सहा सेलवर चाललेला. या बँडमध्ये दोन मुख्य गिटार आहेत, अँडी पॉवेल आणि टेड टर्नर. शेवटच्या दोन मिनिटांत दोघं एकमेकांना वाट देत वाजवतात, जुगलबंदीतले दोन समजूतदार वादक बसलेत असं. सेल उतरत होते त्यामुळे शेवट हळूहळू बसत गेला आणि आम्हाला तेच मूळ गाणं वाटलं. पुढे दोन वर्षांनी खरा वेग ऐकला.

सिंहगड_एक्स्प्रेस

थोडा विरोध नोंदवतो. काळाची एक चाळणी असते. संगीत नाटकांत शेकड्याने पदं झाली, आज मैफलीत किती ऐकू येतात? जी टिकली ती त्यांच्या गुणावर टिकली. रॉकचंही तसंच आहे. हॉटेल कॅलिफोर्निया चाळीस-पन्नास वर्षं वाजतंय ते उगाच नव्हे. 'दुर्लक्षित रत्नं' म्हणून लोक जे पुढे करतात त्यातलं बरंचसं दुसऱ्या दर्जाचं निघतं, असा माझा अनुभव आहे.

चिंचवडची_रेवती

सिंहगडदादा, नाट्यपदांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. ज्यांच्या तबकड्या निघाल्या आणि घराघरांत गेल्या ती पदं टिकली. बाकीची चांगली की वाईट हे आपल्याला कळणार कसं? चाळणीपर्यंत पोचायला आधी धान्य बाजारात तरी यावं लागतं.

बिग स्टार घ्या. अमेरिकेतल्या मेंफिसचा बँड, पहिला अल्बम १९७२ चा, नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. समीक्षकांनी उचलून धरला. लोक दुकानात गेले तर रेकॉर्डच नाही! कंपनीचं वितरण कोलमडलेलं. गाणाऱ्यांपैकी ॲलेक्स चिल्टनने सोळाव्या वर्षी दुसऱ्या बँडबरोबर 'द लेटर' हे अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं दिलं होतं, म्हणजे गळ्याची परीक्षा झालेली होती. दुसरा, ख्रिस बेल, १९७८ मध्ये अपघातात गेला, सत्तावीस वर्षांचा असताना. पुढे आर.ई.एम.सारख्या बँडांनी आम्ही यांच्याकडून शिकलो असं सांगितलं. यात चाळणीने काय केलं सांगा.

त्या अल्बममधलं 'थर्टीन' ऐका. दोन गिटार आणि तेरा वर्षांच्या मुलाचं पहिलं प्रेम, अडीच मिनिटांत. मी तेवीसची आहे, आमच्याकडे कॅसेट कधीच नव्हती. मला ते फोनने आपणहून लावून दिलं, रात्री अकराच्या लोकलमध्ये, कासारवाडीच्या पुढे. चिंचवडला उतरायचं विसरले आणि आकुर्डीहून रिक्षाने परत आले.

सिंहगड_एक्स्प्रेस

रेवती, ऐकलं. आत्ताच, दोनदा. बिग स्टारबाबत माझं म्हणणं मागे घेतो. चाळणीचं मात्र पूर्ण घेत नाही.

डोंगरमाथा

त्यात झॉम्बीजची भर घाला. 'ओडेसी अँड ओरॅकल' त्यांनी १९६७ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित केला. अल्बम १९६८ मध्ये बाजारात येईपर्यंत बँड मोडला होता. कव्हर रंगवणाऱ्या मित्राने 'ओडेसी'चं स्पेलिंग चुकवलं, ते आजतागायत तसंच छापलं जातं. मग १९६९ मध्ये त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तुफान चाललं आणि वाजवायला बँडच नाही! तिकडे चक्क तोतये झॉम्बीज गावोगाव फिरले. त्यातले दोघं पुढे झीझी टॉपमध्ये गेले. पण माझी शिफारस त्याच अल्बमचं पहिलं गाणं, 'केअर ऑफ सेल फॉर्टीफोर'. चाल एकदम सकाळच्या उन्हासारखी, आणि शब्द नीट ऐकले की कळतं, ते तुरुंगातून सुटून येणाऱ्या मैत्रिणीला लिहिलेलं पत्र आहे.

टेपदुरुस्त

मुक्ताताई, आधी एक विनंती. त्या सत्तावीस कॅसेटी एकामागोमाग वाजवू नका. माळ्यावरच्या कॅसेटीत बुरशी असते, ती हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग प्रत्येक कॅसेटला लागते. खिडकीतून फितीचं रीळ बघा, कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा. हेड आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. फितीला आतून दाबणारी छोटी स्पंजाची गादी असते, ती निघाली असेल तर आवाज दबका येतो. प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या, वाजवा मग.

प्लेयर कुठला आहे? किती वर्षांनी लावलात?

अनिवासी_खडकीकर

चौथं माझं! जु. मॉ. म्हणजे 'जुलै मॉर्निंग', युराया हीप, १९७१. साडेदहा मिनिटांचं, ऑर्गनवर चढत चढत जाणारं. शेवटी जो विचित्र, घरंगळणारा सूर येतो तो मूग सिंथेसायझरचा, मॅनफ्रेड मॅन यांनी पाहुणे म्हणून वाजवलेला.

मी कामासाठी दोन वर्षं बल्गेरियात होतो. तिथे या गाण्याचा सण आहे. हो, सण! ३० जूनच्या रात्री तरुण मंडळी काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर जमतात, शेकोट्या पेटवतात आणि १ जुलैचा सूर्य उगवताना हे गाणं लावतात. कम्युनिस्ट राजवटीच्या काळात पोरांनी सुरू केलेली ही प्रथा. मी कामेन ब्र्याग नावाच्या गावी कड्यावर उभा होतो. शेजारी माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ. सूर्याचा काठ दिसला आणि ते रडायला लागले. त्यांना मराठी येत नाही, मला बल्गेरियन येत नाही, पण दोघांनाही गाणं पाठ.

म्हणून सिंहगड, 'दुर्लक्षित' कुठे हा प्रश्न आधी विचारा. पुण्यात विचारलंत तर शंभरात दोघांना माहीत असेल. तिथे टॅक्सीवाल्याला माहीत आहे.

पेठेतली_मुक्ता

खडकीकर, वाचताना अंगावर काटा आला. काका १ जुलैला जन्मला होता. त्याला हे काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, पण आज काकूला सांगणार आहे.

टेपदुरुस्त, प्लेयर काकाचाच. निदान पंधरा वर्षं बंद होता. पुसून घेतला, तुम्ही सांगितलंत तशाच कॅसेटी फिरवल्या. नऊ कॅसेटींना बुरशी आहे, त्या वेगळ्या ठेवल्यात.

आयुकाशेजारी

मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं आहे: क्वीनचं 'थर्टीनाइन', १९७५. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' म्हटलं की सगळे 'बोहेमियन ऱ्हाप्सोडी'वर थांबतात. त्याच अल्बममध्ये हे लोकगीताच्या चालीचं साधं गाणं आहे. नवी भूमी शोधायला निघालेले प्रवासी परत येतात. त्यांच्या लेखी एकच वर्ष गेलंय, पण घरी शंभर वर्षं उलटली आहेत आणि ओळखीचं कुणी उरलेलं नाही. सापेक्षतावादातलं कालप्रसरण कोळ्यांच्या गाण्यासारखं सांगितलंय. लिहिलं आणि गायलं गिटारवादक ब्रायन मे यांनी. अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीतली डॉक्टरेट त्यांनी २००७ मध्ये पुरी केली. दर वर्षी हा धडा संपला की वर्गात हे गाणं लावतो. समीकरण फळ्यावर असताना जी मुलं मान डोलावतात, ती गाणं संपल्यावर प्रश्न विचारतात.

शेंगदाणा

क्वीनचा विषय निघालाच आहे तर फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि 'हेक्टिक्स' नावाचा त्याचा पहिला बँड तिथेच झाला, हे नोंदवून ठेवतो. म्हणजे रॉकचा उगम सातारा जिल्ह्यात. पुणेकरांनी मन मोठं करून मान्य करावं.

डोंगरमाथा

मान्य करू, पण घाट उतरल्यावर.

आपल्याकडच्याही बँडांबद्दल कुणी बोला की. १९७० आणि ७१ मध्ये सिमला बीट नावाची स्पर्धा झाली, तिच्या रेकॉर्डी निघाल्या. गावोगावच्या पोरांनी वाजवलेलं गॅरेज रॉक आहे त्यावर. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७' हा अल्बम १९८१ मध्ये आला, कुणाला पत्ता लागला नाही. तीस वर्षांनी परदेशी संग्राहकांनी तो शोधून पुन्हा काढला. त्याचं शीर्षकगीत ऐकलं की हे कुलाब्यात झालं की कॅलिफोर्नियात, कळत नाही. रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ चा. हेच पुढे इंडस क्रीड झाले. आम्ही सिंहगड एक्स्प्रेसने (गाडीने, वरच्या सभासदाने नव्हे) मुंबईला जायचो, रंगभवनात उभं राहून ऐकायचो आणि रात्री दादरला फलाटावर वर्तमानपत्र अंथरून पहाटेच्या गाडीची वाट बघायचो.

बेसुमार

आणि ते रेकॉर्डिंगवाले! कँपात एक दुकान होतं. वहीच्या पानावर यादी करून द्यायची, सोबत कोरी कॅसेट. चार दिवसांनी भरून मिळायची. त्यांच्याकडे जेवढ्या रेकॉर्डी तेवढंच आपलं जग. मुक्ताच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला यातच दिसतं. गावात दहा-बारा लोकांकडे एलपी होत्या आणि त्यांच्या आवडीनिवडीवर सगळ्या शहराचे कान घडले. छापील कॅसेट विकत घ्यायची तर महिन्यातून एक परवडायची, मग माणूस 'ग्रेटेस्ट हिट्स' घ्यायचा. अल्बममधलं सहावं गाणं कुणी ऐकायचं?

तारसप्तक

मी रॉक फारसं ऐकत नाही, हार्मोनियम वाजवते. पण तिसऱ्या गाण्यावर एक सुचतंय. ॲप गाणं ओळखत नाही याचा अर्थ ते दुर्मीळच असेल असं नाही. वेग चुकला असला तरी ॲप गडबडतं. त्याच बाजूला हॉटेल कॅलिफोर्निया आहे ना? माझा मुलगा गिटारवर वाजवतो. ते बी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपली पांढरी सात. तुमच्या टेपवर ते कुठल्या पट्टीत लागतं बघा. घरात पेटी नसेल तर फोनवर ट्यूनर मिळतो.

पेठेतली_मुक्ता

तारसप्तक, तुम्ही कमाल आहात. शेजारच्या आजींकडून पेटी आणली. हॉटेल कॅलिफोर्निया काळी पाचमध्ये वाजतंय! स्वच्छ काळी पाच. तीनदा तपासलं.

टेपदुरुस्त

वा! अर्धा सूर उतरला म्हणजे वेग साधारण सहा टक्के कमी. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी, तुमची साडेचारच्या आसपास धावतेय. आता दोष प्लेयरचा की भरतानाचाच, हे बघायला दुकानातून घेतलेली कुठलीही छापील कॅसेट लावा. तीही उतरली असेल तर नव्वद टक्के रबरी पट्टा सैल झालाय. पंधरा वर्षं पडून राहिला की रबर ताणतं, कधी चक्क डांबरासारखं वितळतं. तपकीर गल्लीत अजून पट्टे मिळतात, जुना घेऊन जा आणि लांबी जुळवून घ्या. पट्टा बदलूनही फरक राहिला तर मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत स्क्रू. घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने केसभर फिरवा, पेटी शेजारी ठेवून. पांढरी सात लागली की थांबा.

सिंहगड_एक्स्प्रेस

पट्टा येईपर्यंत माझा एक अंदाज. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते. तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. अधिकृतपणे ती २०१५ मध्ये बाहेर आली, पण चोरून केलेल्या प्रती आधीपासून फिरत होत्या. बॉ. म्हणजे 'बॉम्बे सेशन' असू शकेल का? आपल्याकडचं व्हायोलिन त्यात असणं साहजिक आहे.

कँपकर

सिंहगड, गाणं ते नव्हे, पण शब्द बरोबर पकडलात. मी दोन दिवस धागा वाचत बसलोय आणि नाव जिभेवर येत नव्हतं. बॉम्बे!

मुक्ता, ते गाणं आहे 'बॉम्बे कॉलिंग'. बँडचं नाव 'इट्स अ ब्यूटिफुल डे', सॅन फ्रान्सिस्कोचा. अल्बम १९६९ चा, नाव बँडचंच. व्हायोलिन डेव्हिड लाफ्लेम यांचं. आणि नक्कल यांनी केलेली नाही. चाइल्ड इन टाइम १९७० चं आहे, यांच्यानंतरचं. डीप पर्पलचे जॉन लॉर्ड ऑर्गनवर हीच चाल घोळवत बसले होते, तिची लय उतरवली आणि त्यातून ते गाणं झालं. पर्पलच्या लोकांनी मुलाखतींतून हे मोकळेपणाने सांगितलंय. मूळ गाणं बरंच जलद आहे. तुझा पट्टा सैल, म्हणून तुला ते पर्पलच्या आणखी जवळ गेल्यासारखं वाटलं असणार.

ही रेकॉर्ड माझ्याकडे होती. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला, त्यानंतर परदेशी माणसं यायला लागली. पैसे संपले की ती गिटार, कॅमेरे, रेकॉर्डी विकायची. यातलं पुष्कळसं फिरत फिरत जुन्या बाजारात पोचायचं. दर रविवारी मी सायकलवर जायचो. ही रेकॉर्ड मी कव्हर बघून घेतली: डोंगराच्या टोकावर वाऱ्यात उभी असलेली एक बाई, मागे निळं आकाश, पांढरे ढग. बँडचं नावही ऐकलं नव्हतं. घरी येऊन पहिली बाजू लावली आणि 'व्हाइट बर्ड'ने दुपार गेली. मग 'बॉम्बे कॉलिंग' लागलं आणि माझे वडील, जे इंग्रजी गाणी लागली की दार लावून घ्यायचे, ते दार उघडून बाहेर आले. "हा कोण वाजवतोय?" म्हणाले.

सहावं 'अ मिलियन माइल्स अवे', रोरी गॅलाघर, १९७३. आयर्लंडचा माणूस. रंग उडालेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार आयुष्यभर वाजवली, १९९५ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. हॉटेलातल्या बारमध्ये गर्दीत बसलेल्या एकट्या माणसाचं गाणं आहे. 'आयरिश टूर' या अल्बममधलं प्रत्यक्ष मैफलीतलं रूप मिळालं तर तेच ऐक.

तुझ्या काकाची यादी बघ. हॉटेल कॅलिफोर्निया आहे म्हणजे कॅसेट डिसेंबर १९७६ च्या आधीची नाही. मी सहाही गाण्यांची बेरीज केली, एकेचाळीस-बेचाळीस मिनिटं होतात. पंचेचाळीस मिनिटांची बाजू, एकही गाणं मधे तुटलेलं नाही. आणि चाइल्ड इन टाइमच्या लगेच नंतर बॉम्बे कॉलिंग! हा क्रम चुकून लागत नाही. त्या माणसाला नातं कळलं होतं. त्या काळी सांगायला कुठे काही छापून येत नव्हतं, त्याने कानानेच ओळखलं.

चिंचवडची_रेवती

कँपकरकाका 🙏 वाचनखूण साठवली. आत्ता दोन्ही लागोपाठ ऐकतेय.

बेसुमार

काका, सलाम. अवांतर: ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली होती. 'इट्स अ ब्यूटिफुल डे'च्या १९७० च्या दुसऱ्या अल्बममध्ये 'डॉन अँड ड्यूई' आहे, ते पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून घेतलेलं. म्हणजे फिटंफाट. चोरी म्हणवत नाही याला. एकाच बंदिशीवर दोन घराणी गायली म्हणा.

सिंहगड_एक्स्प्रेस

बेसुमार, दुसऱ्याची चाल घेतली तर नाव द्यावं, हे मी सोडणार नाही. पर्पलच्या रेकॉर्डवर लाफ्लेम यांचं नाव नाही. मुलाखतीत सांगणं वेगळं आणि कव्हरवर छापणं वेगळं. पण चाळणीबद्दलचं माझं म्हणणं आज पूर्ण मागे. जगभर गाजलेल्या गाण्याचं मूळ आपल्या शेजारच्या शहराच्या नावाने पडून होतं आणि मी तीस वर्षं नुसतं चाइल्ड इन टाइम ऐकत होतो.

पेठेतली_मुक्ता

मंडळी, तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात पट्टा मिळाला. हॉटेल कॅलिफोर्निया पांढरी सातवर आलं. तिसरं गाणं ॲपला ऐकवलं, दहा सेकंदांत उत्तर: बॉम्बे कॉलिंग. पण मला ते कँपकरकाकांकडून कळलं याचाच जास्त आनंद आहे.

खऱ्या वेगात ते नाचतं! काकूला हेडफोन लावून दिले. ती पायरीवर बसूनच ऐकत होती. मधेच म्हणाली, "हां, आता तो ऐकायचा तसं वाजतंय. चार दिवस तू लावत होतीस ते दमल्यासारखं वाटत होतं, म्हटलं माझेच कान गेले." आधी का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणे तुला वाईट वाटलं असतं.

बेसुमार, विशबोन ॲश ऐकलं. आयुकाशेजारी सर, थर्टीनाइन तीन वेळा. थर्टीन आज रात्रीसाठी ठेवलंय.

शेंगदाणा

थर्टीन आणि थर्टीनाइन. पाढा पुरा करायचा तर ट्वेंटीसिक्स नावाचं गाणं कुणीतरी शोधा.

डोंगरमाथा

बाजू ब टाका की आता.

पेठेतली_मुक्ता

टाकते. १. स्टा. गे. २. के. ऑ. से. फॉ. ३. फि. ४. टॅ. वु.

पाचव्या आकड्यापुढे गाण्याचं नाव नाही. काकाने लिहिलंय: 'नाव विचारणे.'

बेसुमार

पहिलं रेनबोचं 'स्टारगेझर', १९७६, डिओच्या गळ्यातलं. चौथं त्याच अल्बमचं 'टॅरो वुमन'. दुसरं डोंगरमाथा, तुझं झॉम्बीजचं! फि. म्हणजे पिंक फ्लॉइडचं 'फिअरलेस' असावं, १९७१. शेवटी लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींचा सामूहिक गजर ऐकू येतो का बघ.

पेठेतली_मुक्ता

येतो! मला वाटलं होतं टेपवर दुसरं काहीतरी चढलंय.

पाचवं असं आहे: पुरुषाचा आवाज, खर्जातला. भाषा इंग्रजी नाही, हे नक्की. मागे बासरी, आणि ढोलकीसारखं काहीतरी. दोन मिनिटांनी गिटार येते. संपायच्या आधीच कॅसेट संपते.

तारसप्तक

पट्टी कुठली आहे?